पश्चिमेची भिंत

कोकणातल्या घराला भिंती चार असल्या, तरी बोलायला भिंत एकच असते. पश्चिमेची. पूर्वेच्या भिंतीवर देवांचे फोटो लागतात, उत्तरेच्या भिंतीला टीव्ही टेकतो आणि दक्षिणेच्या भिंतीवर कैलासवासी मंडळी हार घालून बसतात. पश्चिमेच्या भिंतीवर फक्त कॅलेंडर असतं, आणि तेही तारीख बघायला नसतं. त्याच्यामागे एक डाग असतो. डाग वाढला की मोठं कॅलेंडर येतं. आणखी वाढला की कॅलेंडर जाऊन हरणांचा कळप असलेला गालिचा येतो. पाहुण्याने हरणांचं फार कौतुक केलं, की घरच्यांनी समजायचं, यंदा पाऊस चांगला झाला.

वाटण्यांच्या वेळी या भिंतीची खरी किंमत कळते. थोरला भाऊ पूर्वेची खोली घेतो, मधला माजघर धरून बसतो आणि पश्चिमेची खोली त्या भावाला जाते, ज्याला वाटणीच्या दिवशी मुंबईत रजा मिळालेली नसते. पुढे जूनमध्ये त्याला फोन जातो, ‘तुझ्या खोलीत ओल येते हो, तुझं तू बघ.’ तो बघत नाही. मग ओल वाटण्या न मानता हळूहळू माजघरात येते, आणि ती एकदा माजघरात आली की तिला वडिलोपार्जित म्हणतात.

हा छळ पश्चिमेच्याच वाट्याला का, याचं उत्तर सरळ आहे. आपला पाऊस नैऋत्येकडून येतो आणि समुद्रावरून निघालेल्या वाऱ्याला वाटेत अडवणारं पहिलं बांधकाम म्हणजे आपलं घर. रत्नागिरी-सिंधुदुर्गात पावसाळ्याच्या चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आंबोलीला तर सात हजारांवर. पुण्याला वर्षभरात सातशेच्या आसपास पडतो आणि तेवढ्या भांडवलावर पुणेकर पावसावर कविता करतात. पण हे आकडे वरून पडणाऱ्या पावसाचे. पश्चिमेच्या भिंतीला लागते ती झड. आडवी, खारी, रात्री दोन वाजता खिडकीची फळी वाजवणारी. हवामान खातं वरून पडणारा पाऊस मोजतं. आडवा पाऊस मोजायला गालिचा असतो.

‘वळचणीचं पाणी आढ्याला जात नाही’ अशी एक म्हण आहे. ती करणाऱ्याने सिमेंटचा गिलावा पाहिलेला नव्हता. सिमेंट उन्हात ताणतं, गार झालं की आखडतं आणि त्या ओढाताणीत त्याला केसाएवढ्या भेगा पडतात. भेग रुंद असती, तर पाणी निदान वाहून तरी गेलं असतं. केसाएवढ्या भेगेत मात्र ते वर चढतं, आडवं सरकतं आणि भिंतीच्या पोटात मुक्काम करतं. ऑक्टोबरात सुकायला लागलं की भिंतीतले क्षार बरोबर घेऊन पृष्ठभागाशी येतं, स्वतः उडून जातं आणि क्षार मागे ठेवतं. ते क्षार फुलतात, रंगाला आतून ढकलतात आणि पोपडे धरतात. म्हणजे जुलैत शिरलेल्या पाण्याची पावती दिवाळीला मिळते. तोवर रंगारी दुसऱ्या गावी गेलेला असतो.

मे महिन्याच्या मध्याला झाडावरचे आंबे उतरले, की सल्लागार ओटीवर चढतात.

पहिला येतो रंगवाला. त्याच्या हातात शेडकार्ड असतं आणि मोबाइलमध्ये एक व्हिडिओ असतो. त्यात एक बाई भिंतीवर पाण्याची बादली फेकते, पाणी मोत्यांनी ओघळतं, बाई हसते. ‘इलास्टोमेरिक आहे,’ तो म्हणतो. हा शब्द त्याने इतक्या वेळा म्हटलेला असतो, की आपल्यालाच तो माहीत नसल्याची लाज वाटते. मग तो वॉरंटी सांगतो, सात वर्षांची, दहा वर्षांची. वॉरंटीच्या कागदावर मागे बारीक अक्षरांत अटी असतात. भिंत रंगवताना पूर्ण सुकलेली असावी. तिला भेगा नसाव्यात. जमिनीतून ओल चढत नसावी. स्लॅबमधून पाणी झिरपत नसावं. थोडक्यात, भिंत मुळात ओली होत नसेल, तर हा रंग तिला ओली होऊ देणार नाही.

रंग वाईट असतो असं नाही. चांगला रंग बाहेरचं पाणी खरोखर अडवतो. पण तो दार लावतो ते दोन्ही बाजूंनी. जोत्यातून चढलेलं आणि खिडकीच्या कोपऱ्यातून उतरलेलं पाणी त्याच्यामागे अडकतं आणि ऊन तापलं की रंगाला फुगे येतात. घरातली लहान मुलं ते नखाने फोडतात. मोठी माणसंही फोडतात, पण कोणी बघत नसताना.

दुसरा फॅब्रिकेशनवाला. याला प्रश्न पूर्ण ऐकायची गरज नसते. ‘पत्रा मारून टाकू.’ गच्चीवर गळतंय? पत्रा मारू. भिंतीला ओल आहे? पत्रा मारू. सुनेचं पटत नाही? तो क्षणभर विचार करतो आणि मधोमध पत्रा मारू म्हणतो. खरं सांगायचं, तर या सगळ्यांत कामाचा माणूस हाच. भिंतीपुढे लोखंडी अँगल उभे करून त्यावर रंगीत पत्रा लावला, तर भिंत कोरडी राहते. फक्त समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याला त्या पत्र्यावरची दोन ठिकाणं बरोबर ठाऊक असतात, कापलेली कड आणि स्क्रूचं भोक. गंज तिथूनच सुरू होतो. आणि हे सगळे पत्रे निळे. आता कोकणातली निम्मी गावं पश्चिमेकडून निळी झाली आहेत. मचव्यातून पाहणाऱ्याला समुद्र कुठे संपला आणि नातेवाईक कुठे सुरू झाले, ते लवकर कळत नाही.

तिसरा बोर्डवाला. फायबर सिमेंटचा बोर्ड, लाकडाची रेघ छापलेला. हा कुजत नाही, वाळवी खात नाही, आणि वाळवी खात नाही एवढं म्हटलं की कोकणी माणूस निम्मा विरघळतो. पण बोर्डाच्या कापलेल्या कडा आणि जोड नीट बंद करावे लागतात, मागे हवा खेळायला जागा ठेवावी लागते, आणि नेमकी तीच दोन कामं शेवटच्या दिवशी, एसटीची वेळ झालेली असताना येतात.

चौथा पीव्हीसी पॅनेलवाला. हा भिंतीच्या बाहेर बघतच नाही. आतून चकचकीत पांढरी पॅनेलं ठोकतो, त्यांवर सोनेरी पट्टी लावतो आणि संध्याकाळपर्यंत ओल गायब. तो भिंतीवर उपचार करत नाही, पाहुण्यांवर करतो. पॅनेलच्या मागे बुरशी निर्धास्तपणे नांदते, तिला आता उजेडाचाही त्रास नसतो.

या चौघांचं बोलणं संपेपर्यंत वेंगुर्ल्याकडचा आमचा म्हातारा गवंडी पायरीवर बसून पान जुळवत असतो. चुना पानाला किती आणि भिंतीला किती, हे दोन्ही त्याला कळतं. कोणी विचारलं, तरच बोलतो. ‘पावसाक वॉरंटी वाचूक येना नाय,’ तो म्हणाला. ‘आधी पावळी भायर काढा, मगे रंगाचा बगूया.’

पावळी म्हणजे छपराची भिंतीबाहेर आलेली कड, वळचण. आणि सगळी गोम तिथेच आहे.

जुन्या घराकडे बघा. छप्पर भिंतीच्या पुढे एवढं उतरलेलं, की आत शिरताना वाकावं लागे, जावई असला तरी. पश्चिमेला पडवी. पडवीत जळाऊ लाकडांचा माच, नारळांचा ढीग, नांगर, मोडका पाळणा. म्हणजे झड आधी मोडक्या पाळण्याला लागे, मग लाकडांना, आणि भिंतीपर्यंत पोचेस्तोवर तिचा जोर संपलेला असे. जोतं उंच, म्हणजे अंगणातून उडणारे चिखलाचे शिंतोडे चिऱ्यालाच लागत, वरच्या मातीच्या भिंतीला नाही.

एवढं करूनही वैशाखात पश्चिमेच्या बाजूला झापं बांधत. हे काम जवळून बघण्यासारखं असे. झावळी मधल्या दांड्यावर उभी चिरायची, विहिरीजवळच्या डोणीत चार दिवस भिजत घालायची, मग अंगणात बसून एक पात खाली, एक वर अशी विणायची. विणणाऱ्या बायकांची बोटं आणि तोंड दोन्ही एकाच गतीने चालत, आणि त्यामुळे गावातली कुठली बातमी कुठल्या झापात विणली गेली, ते नंतर सांगता येत असे. भिंतीपासून हातभर अंतरावर बांबूच्या कामट्यांचा सांगाडा उभा करून त्यावर ही झापं सुंभाने बांधायची. आधी खालची ओळ, मग तिच्यावर चढती वरची, म्हणजे पाणी वरच्या झापावरून खालच्या झापावर उतरतं, आत वळत नाही. पावसाळाभर झाप भिजे, मागून वारा खेळे, भिंत सुकी राही. पाऊस संपला की झापं उतरवायची, उन्हात टाकायची आणि नरकचतुर्दशीला पहाटे न्हाणीतल्या चुलीत घालून अभ्यंगाचं पाणी तापवायचं. भिंत राखून झाल्यावर अंघोळीचंही बघणारं आवरण अजून बाजारात आलेलं नाही.

महाबळेश्वरातही इंग्रजांच्या काळी बंगल्यांच्या भिंती पावसाळ्यात गवताच्या तट्ट्यांनी झाकत. तिथे साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस. साहेब सिमल्यापासून लंडनपर्यंत कुठेही ताठ उभा राहिला असेल, पण सह्याद्रीच्या झडीपुढे त्यानेही बंगल्याला गवत नेसवलं.

मग ही वळचण गेली कुठे? ती एलिव्हेशनने खाल्ली. मुंबईहून आलेल्या भावाने संगणकावर काढलेलं घराचं थ्रीडी चित्र आणलं. त्यात घर चौकोनी ठोकळा, वर सपाट स्लॅब, करड्या आणि केशरी पट्ट्या, अंगणात एक परदेशी गाडी आणि घराशी काही संबंध नसलेली एक बाई कुत्रा फिरवते आहे. आकाश निळं. थ्रीडी चित्रात कधीही जुलै महिना नसतो. आढं गेलं, वळचण गेली, पडवीच्या जागी पार्किंग आलं. खिडकीवर जो हातभर छज्जा उरला, त्यावर पुढे ग्रिल बसवून तुळशीची कुंडी, पाण्याचं पिंप आणि जुना मिक्सर ठेवला. छत्री मोडून चुलीत घालायची आणि मग रेनकोटांच्या दुकानातून भाव विचारत फिरायचं, तसं हे झालं. आज भिंतीला काय लावावं, असं जो विचारतो, त्याने डोकं वर करून छप्पर भिंतीच्या पुढे किती आलंय ते आधी बघावं. बहुतेक वेळा ते आलेलंच नसतं.

यावर ‘आम्ही चिरा उघडाच ठेवलाय, नॅचरल लूक’ म्हणणारी एक शाखा आहे. चिरा म्हणजे जांभा दगड. खाणीतून निघताना हा मऊ असतो, वारा लागला की टणक होतो. हे कौतुक फ्रान्सिस ब्युकॅनन नावाच्या इंग्रज कंपनीच्या डॉक्टरने मलबारात बघून १८०७ सालच्या आपल्या पुस्तकात लिहून ठेवलं. पण टणक म्हणजे पाणी न पिणारा नव्हे. त्याच्या अंगावरची भोकं काही शोभेसाठी नाहीत. म्हणून जुन्या लोकांनी त्याच्यावर चुन्याचा गिलावा चढवला. चुना पाणी थोडं घेतो आणि ऊन पडलं की सोडून देतो, सिमेंटसारखं धरून बसत नाही.

आणि याचा धडा जुन्या गोव्यात साक्षात उभा आहे. बॉम जेझूचं चर्च १५९४ मध्ये बांधायला घेतलं आणि १६०५ मध्ये पुरं झालं. जांभ्याचं बांधकाम, वर गिलावा. साडेतीनशे पावसाळे त्याने असे काढले. मग १९५० च्या दशकात पोर्तुगीज राजवटीतच कोणाला तरी वाटलं, की गिलाव्याखालचा दगड जास्त पुरातन दिसेल, आणि बाहेरचा गिलावा उतरवण्यात आला. दगड खरोखरच पुरातन दिसू लागला, दर पावसाळ्यात थोडा जास्तच. आज जगातून आलेले लोक त्या तांबूस भिंतीपुढे उभे राहून फोटो काढतात आणि तिचा मूळ रंग हाच समजतात. गिलावा पुन्हा चढवावा की नाही, यावर वर्षानुवर्षं वाद चालू आहे. नॅचरल लूकला एवढा मोठा आश्रयदाता लाभल्यावर आमच्या गल्लीतल्या बंगल्यांना बोलणारे आपण कोण?

हा गाढवपणा आपल्याकडेच होतो, असं समजून कोणी हुरळून जाऊ नये आणि खट्टूही होऊ नये. कॅनडात व्हँकुव्हरला वर्षाला बाराशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आमच्याकडे जवळजवळ तेवढा एकट्या जुलैत उरकतो. पण तिथला पाऊस भिजवण्यापेक्षा रेंगाळण्यात पटाईत. १९८० नंतर तिथे लाकडी सांगाड्याच्या इमारती कॅलिफोर्नियाच्या नमुन्यावर उभ्या राहिल्या. सपाट माथा, वळचण नाही, बाहेरून सलग गिलाव्याचं घट्ट आवरण. कॅलिफोर्नियात ऊन असतं, ही गोष्ट नमुना आणताना वाटेत राहून गेली. खिडक्यांच्या कोपऱ्यांतून पाणी आत गेलं आणि त्या घट्ट आवरणामुळे बाहेर येऊ शकलं नाही. आतलं लाकूड कुजलं. हजारो घरं ताडपत्रीत गुंडाळून उघडावी लागली, नुकसान अब्जावधी डॉलरांत गेलं आणि १९९८ मध्ये माजी प्रांतप्रमुख डेव्ह बॅरेट यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग बसला.

तज्ज्ञांनी इमारती तपासल्या, तेव्हा दिसलं की वळचण जितकी रुंद, तितक्या तिच्याखालच्या भिंती धडधाकट. मग उपाय ठरला. बाहेरचं आवरण भिंतीला चिकटवायचं नाही, मध्ये पोकळी ठेवायची. आवरण भिजलं तर भिजू द्यायचं. जे पाणी आत येईल, ते पोकळीतून खाली उतरून बाहेर जाईल आणि उरलेलं वाऱ्याने सुकेल. बांबूच्या कामट्या, हातभर अंतर, खालून वर चढत्या ओळी हे त्यांच्या अहवालात नव्हतं, एवढंच.

ही हकिकत आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेली, तेव्हा पाच मिनिटांत उत्तर आलं, ‘आपल्या पूर्वजांना सगळं ठाऊक होतं. गर्व आहे.’ पाठवणारे काका तेच, ज्यांनी पडवी पाडून पार्किंग केलं. पूर्वजांना सगळं ठाऊक होतं, फक्त आपल्यानंतर काका येणार आहेत हे ठाऊक नव्हतं.

तेव्हा दमट हवेत राहणाऱ्याने भिंतीसाठी काय घ्यावं, याचं उत्तर दुकानात मिळत नाही, पैसे कुठल्या क्रमाने खर्च करावेत यात मिळतं. पहिला पैसा वळचणीला. भिंतीच्या बाहेर अडीच-तीन फूट छप्पर आलं, की निम्मी झड भिंतीला शिवतच नाही. दुसरा छज्ज्यांना, आणि त्यांच्या खालच्या कडेला बोटभर खाच, म्हणजे पाणी तिथेच तुटून पडतं, उलटं वळून भिंतीकडे येत नाही. तिसरा जोत्याला आणि खिडकीच्या कोपऱ्यांना. चौथा भेगांना. जांभ्याचं जुनं घर असेल, तर सिमेंटऐवजी चुन्याला. एवढं झाल्यावर पश्चिमेला पत्रा किंवा बोर्ड हवाच असेल, तर मागे पोकळी ठेवून, खाली पाणी बाहेर पडायला वाट ठेवून. रंग सगळ्यांत शेवटी, आणि भिंत सुकलेली असताना. म्हणजे मेच्या पंचवीस तारखेला ढग आल्यावर नव्हे. आपण हीच यादी उलटी वाचतो. कारण रंग लांबून दिसतो आणि वळचणीखालची कोरडी भिंत बघायला कोणी येत नाही.

यंदा आमच्याकडे हे एकदाचं सगळ्यांना पटलं. पश्चिमेला छपराचं पाखं तीन फूट बाहेर काढायचं, खर्च तिघा भावांत सारखा. मुंबईच्या भावालाही रजा मिळाली. गवंड्याने माप घेतलं आणि हळूच सांगितलं, की घर आणि हद्दीचा गडगा यांच्यामध्ये जागा तेवढीच आहे. म्हणजे पागोळ्या पडणार त्या शेजाऱ्यांच्या अळवावर. शेजारी गडग्यापलीकडे उभे राहून ऐकत होतेच. ‘बांधा की, कोण नको म्हणतंय,’ ते गोड आवाजात म्हणाले आणि लगेच मोबाइल काढून गडग्याचे, अळवाचे आणि आमच्या गवंड्याचे फोटो काढले.

तालुक्याच्या वकिलांनी सगळं ऐकून चष्मा पुसला. १८८२ सालचा ईझमेंट ॲक्ट आहे म्हणाले. वळचणीचं पाणी दुसऱ्याच्या जमिनीवर उघडपणे, हक्काने, सलग वीस वर्षं पडत राहिलं आणि कोणी अडवलं नाही, तर तो वहिवाटीचा हक्क होतो. थोरल्या भावाचे डोळे चमकले. रंगवाला दहा वर्षांच्या पुढे जायला तयार नव्हता, इथे सरकार वीस वर्षांनंतर कायमचं लिहून देत होतं. ‘आणि त्यांनी अडवलं तर?’ मधल्याने विचारलं. ‘मग दावा चालेल,’ वकील म्हणाले, ‘तोही तेवढाच टिकेल.’